डाव्या बुटाची टाच

ताईने बुटाची टाच जोरात आपटली तेव्हा कुठे झऱ्यावरची बर्फाची पापडी फुटली आणि खालचे पाणी दिसले. हातमोजा दातांत धरून तिने हात मोकळा केला, किटली आडवी करून पाण्यात बुडवली. किटली भरेपर्यंत बोटे बधिर झाली. झऱ्यावर खडकाचे छप्पर पुढे आलेले होते, त्यामुळे काठावर बर्फ साचला नव्हता. नुसता चिखल होता, तोही गोठून दगड झालेला. त्या चिखलात पावलांचे ठसे होते.

दुसरे कुणी असते तर किटली उचलून चालू लागले असते. पण लोक माणसाचा चेहरा बघतात तसे ताई बूट बघायची. बाबांचे हात थकल्यापासून बूटदुरुस्तीचे दुकान तीच चालवत होती, आणि दिवसभर समोर उलटे पडलेले बूट बघून डोळ्यांना ती खोडच लागली होती. बाबा म्हणायचे, माणूस तोंडाने काय वाटेल ते सांगेल, मला त्याच्या टाचा दाखवा. ताई सवयीने वाकली. डाव्या पायाच्या एका ठशाचा पुढचा भाग चौकड्यांचा होता आणि टाच लाटांची.

तिने किटली खाली ठेवली.

चौकड्यांचे ते रबर तिनेच मागवले होते, खोल खाचांचे, बर्फात पकड घेणारे. थंडी सुरू व्हायच्या आधी धाकटी बहीण तीन जोड्या पिशवीत कोंबून दुकानात आली होती. एक तिची, एक तिच्या बसड्रायव्हर नवऱ्याची, एक त्यांच्यासोबत डोंगर चढणाऱ्या मास्तरांची. "सगळ्यांचं एकदमच करून टाक ताई, या वेळी शिखरावर जायचंय ना." रबर पुरेल असे वाटले होते, पण शेवटच्या बुटाला ते कमी पडले. तो बूट धाकटीचा, डावा. ताईने दुसऱ्या रबराचा तुकडा कापून टाचेला बसवला. न्यायला आली तेव्हा धाकटी तो उलटा करून किती हसली होती. "एका बुटात दोन नमुने! ताई, तू फॅशनच काढलीस." ताईच्या स्वतःच्या बुटांना मात्र जुनेच सोल राहिले. दिव्याखाली अंधार, दुसरे काय.

आता तोच बूट चिखलात उमटला होता. आणि आज चिखलात कुणाचाच पाय उमटला नसता, तो कुदळीनेही फुटला नसता. शिवाय आज झऱ्यावर आलेली ती एकटीच होती.

ती आणखी खाली वाकली. शेजारी मोठ्या मापाचा ठसा होता. बस चालवणारा माणूस उजवा चवडा असाच दाबून टाकतो, म्हणून तिथे तिने जास्तीची शिवण घातली होती. ती शिवण चिखलात मोजून घ्यावी इतकी स्वच्छ दिसत होती. आणि थोडे बाजूला, टाचेला बाहेरच्या अंगाने लोखंडी पट्टी मारलेला तिसरा ठसा. मास्तर उजवा पाय जरा घासत चालत. पट्टी तिनेच ठोकली होती.

बूट तिने त्यांच्या हातात दिल्यानंतर थंडी एकदाच ओसरली होती, पंधरवड्यापूर्वीच्या शनिवार-रविवारी. चिखल मऊ झाला असेल तर तो तेव्हाच. तिला ते दोन दिवस पक्के आठवत होते, कारण बाबांकडे बघायची पाळी धाकटीची होती आणि धाकटीचा फोन आला होता. दवाखान्यात माणसं कमी आहेत गं, डबल ड्यूटी लागलीय, एवढ्या वेळी तू बघशील का बाबांकडं? ताईने दुकान बंद ठेवले. बाबांना उन्हात खुर्ची टाकून बसवले, त्यांची नखे कापली, आणि दर थोड्या वेळाने तोच प्रश्न आला की तेच उत्तर दिले. धाकटी कुठंय? ड्यूटीवर आहे, बाबा. त्याच शनिवारी ड्रायव्हरला बाहेरगावची फेरी होती. त्याच शनिवारी मास्तरांच्या शाळेत गाण्याची तालीम होती. प्रत्येकाने आपापले कारण वेगवेगळे सांगितले होते, आणि तीन कारणे एका दिवशी आली म्हणून शंका घेण्याइतकी ताई त्यांना परकी समजत नव्हती.

"ताई! पाणी आणायला गेलीस की विहीर खणायला?" वरून धाकटीची हाक आली.

"आले," ताई म्हणाली, आणि तिचा आवाज अगदी नेहमीसारखा निघाला. याचे तिचे तिलाच नवल वाटले.

दगडी खोलीत स्टोव्ह पेटला होता. चौघांच्या सॅक भिंतीला टेकून उभ्या होत्या, स्लीपिंग बॅगा पसरून झाल्या होत्या. ताई आत शिरताच धाकटीने तिच्या हातातून किटली घेतली आणि तिची बोटे आपल्या दोन्ही तळव्यांत धरून चोळायला सुरुवात केली. दवाखान्यातली नर्स ती, हात पेशंटचा असो की बहिणीचा, पकड तीच.

"बघ कशी निळी पडलीत. मला सांगायचं ना, मी गेले असते."

"तुला वाट सापडली असती?"

"न सापडायला काय झालं? झरा काय चालत जातो?" धाकटी हसली आणि चोळत राहिली.

ते हात ऊबदार होते, आणि ताईला ते झटकून टाकावेसे वाटत होते. तिने झटकले नाहीत. ती दाराकडे बघत राहिली. मागच्या वर्षी हे दार उघडताना चौघांचा घाम निघाला होता. लाथा मारून झाल्या, खांदे लावून झाले, शेवटी मास्तरांनी दाराला उद्देशून एक चीज म्हणून दाखवली होती. आज दुपारी ड्रायव्हरने ते कडीपाशी जरासे वर उचलले, गुडघा लावला, आणि दार मुकाट्याने उघडले. तेव्हा ताईने त्याचे कौतुक केले होते! धाकटीने अंधारात फळीवर हात फिरवला आणि मेणबत्ती काढली, तेव्हाही ताईला वाटले होते, माझी बहीण किती हुशार.

सूप उकळू लागले. ड्रायव्हरने पाव कापले, जाड-जाड, नेहमीसारखे. धाकटीचा नवरा असला तरी घरात त्याला कुणी जावई म्हणून वागवत नसे, ताई तर त्याला ड्रायव्हरसाहेब म्हणूनच चिडवी.

"ड्रायव्हरसाहेब, आज वाट एकदाही चुकली नाही तुमची. मागच्या वर्षी फिरवून फिरवून आणलं होतंत."

"एकदा गेलेला रस्ता मी विसरत नाही ताई. धंदाच आहे आपला."

"एकदा गेलेला."

"हो, मग? मागच्या वर्षी आलो होतो की." तो स्टोव्हची ज्योत कमी करायला वाकला. ज्योत आधीच कमी होती.

मास्तर भिंतीला टेकून गुणगुणत होते. ते गाण्याचे मास्तर, गप्प बसणे त्यांना जमत नसे, आणि गप्प बसायची वेळ आली की ते गुणगुणत. "सकाळी लवकर निघू," ते मध्येच म्हणाले. "फुटक्या खडकाच्या वर बर्फ एकदम टणक आहे. ऊन लागायच्या आत पार केला की..."

ते थांबले.

"टणक आहे?" ताईने विचारले.

"असणार. म्हणजे एवढी थंडी पडलीय म्हटल्यावर असणारच ना." आणि ते पुन्हा गुणगुणू लागले, या वेळी जरा वरच्या पट्टीत.

फुटक्या खडकाच्या वर चौघांपैकी कुणीच कधी गेले नव्हते. मागच्या वर्षी त्या खडकापाशीच ताईचा गुडघा गेला होता. शिखर समोर होते, हात लांब केला तर लागेल असे. मास्तर आणि ड्रायव्हर एकमेकांकडे बघत होते, आणि ताई म्हणाली होती, तुम्ही जाऊन या, मी बसते. तेव्हा धाकटीने पाठीवरची सॅक बर्फात फेकून दिली होती. "चौघं म्हणजे चौघं. तू नाही तर कुणीच नाही." हे म्हणताना तिचा आवाज फुटला होता. तिचे डोळे शिखराकडे होते, डोळ्यांत पाणी होते, आणि तरीही ती पाठ फिरवून ताईला धरून खाली उतरली होती.

त्या वाक्यावर ताईने वर्ष काढले होते. दुकानाच्या वरच तिचे घर. रोज संध्याकाळी शटर ओढले की ती लाकडी साच्यांनी भरलेली पिशवी पाठीला लावून जिना चढे आणि उतरे. शेजारीण म्हणायची, अहो, एकदाच काय ते सामान न्या की वर. गुडघा ठणकायचा. ताईला वाटायचे, माझ्यासाठी तिघं अर्ध्यातून परत आलेत, त्यांचे शिखर त्यांना द्यायचे आहे. शिखराचे तिला स्वतःला फारसे काही नव्हते. तिला त्या वाक्याची परतफेड करायची होती.

तिने सुपाचा वाडगा दोन्ही हातांत धरला. सांगायची एक संधी द्यावी असे तिच्या मनात आले.

"बाबा विचारत होते गं तुला," ती म्हणाली. "तू ड्यूटीला होतीस ना, तेव्हा. सारखं आपलं, धाकटी कुठंय, धाकटी कुठंय."

"मग काय सांगितलंस?"

"दवाखान्यात आहे म्हटलं. पेशंट खूप आहेत."

धाकटी सुपावर फुंकर घालत होती. तिने नवऱ्याकडे पाहिले नाही, मास्तरांकडे पाहिले नाही. "होतेच ना," ती म्हणाली. "बाई गं, किती गर्दी त्या दिवशी. विचारू नकोस."

"नाही विचारत," ताई म्हणाली.

तिला रडू आले नाही. राग आला, आणि रागाच्या पाठोपाठ लाज. स्वतःचीच लाज, की आपण पिशवी घेऊन जिना चढत होतो. धाकटीने तिच्या खांद्यावर पांघरूण ओढले आणि म्हणाली, "आणि उद्या नाही जमलं तरी काही नाही हं. आपण काय, हवा खायला आलोय." हे वाक्य धाकटी कालपासून तीन-चार वेळा म्हणाली होती, आणि प्रत्येक वेळी ताईला ते मायेचे वाटले होते.

अंथरुणात पडल्यावर ताईने त्या तिघांचे वकीलपत्र घेतले. झऱ्यापर्यंत आले म्हणजे शिखरापर्यंत गेले असे थोडेच आहे? माझ्यासाठीच वाट बघायला आले असतील. दार नीट आहे का, बर्फ किती आहे, ताईला झेपेल का. मला सांगितले नाही, कारण मी नाही म्हणाले असते. येऊन बघून गेले असतील, त्यात काय एवढे? ताईने बाजू इतकी चांगली मांडली की तिचा तिलाच डोळा लागला.

सकाळी ते निघाले तेव्हा उजाडत होते. "ताई पुढे," मास्तर म्हणाले, "आम्ही तुमच्या मागे." तिघांनीही मान डोलावली, जणू तिला मान देत होते. ताई पुढे झाली. गुडघा सुरुवातीला कुरकुरला, मग गप्प झाला. जिन्याने आपले काम केले होते.

झाडे संपली आणि डोंगराची धार लागली. धारेवर वाऱ्याने सुटा बर्फ उडवून नेला होता, पण जिथे कुणाचा पाय पडून बर्फ दाबला गेला होता तिथे तो टिकला होता. त्यामुळे ठसे खड्ड्यासारखे दिसण्याऐवजी वर उठलेले दिसत होते, तव्यावरून उचलायचे राहून गेलेल्या धिरड्यांसारखे, एकापुढे एक. वर जाणारे आणि खाली येणारे. बरेचसे वाऱ्याने कुरतडले होते, ओळखू येण्यासारखे नव्हते.

"कुणीतरी जाऊन आलेलं दिसतंय," मागून ड्रायव्हर म्हणाला.

"दिसतंय," ताई म्हणाली.

ती ठशांच्या कडेने चालत राहिली. फुटक्या खडकापर्यंत, तिने मनात ठरवले. फुटक्या खडकापाशी ते थांबले असतील तर मी एक अक्षर बोलणार नाही. या जन्मात नाही.

खडक आला. मधोमध चिरलेला, मागच्या वर्षीसारखाच. ठसे त्याला वळसा घालून वर गेले होते. खडकाच्या आडोशाला वारा लागत नव्हता, तिथले ठसे धड होते, आणि त्यांतला एक डावा. पुढे चौकड्या, मागे लाटा, तोंड शिखराकडे.

ताई खडकाला टेकून खाली बसली.

"काय झालं? गुडघा?" धाकटी धावत आली, बर्फात गुडघे टेकून तिने ताईचा पाय मांडीवर घेतला. "दुखतोय?"

"दुखतोय," ताई म्हणाली.

गुडघा अजिबात दुखत नव्हता. धाकटीशी ती आयुष्यात कधी खोटे बोलली नव्हती. लहानपणी आपल्या हातून फुटलेली बरणीसुद्धा तिने कबूल केली होती. आता ती पाय पसरून बसली आणि वाट बघू लागली. तिला फार काही नको होते. कुणी म्हणावे, आम्ही जाऊन येतो. कुणी चिडावे, हे दुसरे वर्ष म्हणावे. निदान कुणी एकदा मान वर करून शिखराकडे बघावे.

"मग झालं तर," धाकटी म्हणाली. "कुणीच नाही जायचं. चौघं म्हणजे चौघं."

"अर्थात," मास्तर म्हणाले. "तो प्रश्नच नाही."

ड्रायव्हरने तोवर थर्मास काढलासुद्धा होता. धाकटी ताईच्या समोर बसली, सॅकला टेकून तिने पाय लांब केले आणि डोळे मिटून तोंडावर ऊन घेतले. तिचा चेहरा शांत होता. मागच्या वर्षी हेच शब्द तिच्या घशातून ओढून काढावे लागले होते. आज ते चहाबरोबर बिस्किटे द्यावीत तसे आले होते. तिघांपैकी एकानेही वर पाहिले नव्हते. वर काय आहे ते त्यांना माहीत होते.

ताईने थोडा वेळ त्यांना चहा घेऊ दिला. मग खडकाला हात लावून ती उभी राहिली आणि सॅकचा पट्टा कमरेला आवळला.

"मी जाऊन येते," ती म्हणाली.

"अगं, गुडघा—"

"थांबलाय."

"मग थांब ना, आम्ही पण येतो." धाकटी उठू लागली. "चौघांनीच जायचं ठरलंय आपलं."

"कशाला? बसा तुम्ही. चहा गार होईल."

"ताई, एकटीनं नका जाऊ," ड्रायव्हर कप हातात घेऊन म्हणाला. "वरची वाट नवीन आहे."

"वाट मळलेली आहे, ड्रायव्हरसाहेब." ताईने हातमोजे चढवले, बोट न बोट नीट बसवले. मग ती धाकटीच्या पायांकडे बघून म्हणाली, "आणि तुझी डावी टाच छान टिकलीय गं. मला तिचीच काळजी होती. तुकडा लावलेला, वरपर्यंत टिकतोय की नाही म्हटलं."

मास्तरांचे गुणगुणणे बंद झाले होते. धाकटीने खाली खडकाच्या आडोशाला पाहिले, त्या ठशाकडे, मग आपल्या बुटाकडे. लांब केलेले पाय तिने हळूहळू जवळ ओढले आणि अंगाखाली घेतले.

"ताई," ती म्हणाली. "अगं, ऐक तरी."

"खाली गेल्यावर बाबांना सांग," ताई म्हणाली. "ते विचारत होते."

ती वळली आणि चढायला लागली. ठशांपासून चांगले दूर, कोऱ्या बर्फावरून. थोडे वर गेल्यावर चढ उभा झाला आणि तिचे जुने सोल घसरू लागले. एकदा घसरले, दुसऱ्यांदा तिला हात टेकावे लागले. मागून कुणी हाक मारली नाही, किंवा मारली असेल तर वाऱ्याने नेली. ती जराशी थांबली. मग बाजूला सरकून तिने त्या उठलेल्या ठशांवर पाय ठेवला. आधी मोठ्या मापाच्या, मग पट्टीच्या, मग दोन नमुन्यांच्या. ठसे पक्के होते. शिखरापर्यंत पाय कुठेच घसरला नाही.